पदराखालचे हात

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, रागाने. रात्री पुन्हा वाचली, तेव्हा राग थोडा उतरला होता. उत्तराला आठवडा लागला, त्याबद्दल क्षमस्व.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, "मी कुठे शिकलो नाही, रंगांनीच शिकवलं." सर निवृत्त कलाशिक्षक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की अशा वाक्यांनी मुलांची दिशाभूल होते. गाण्याला जसा रियाज तसं चित्राला रेखाटन, आणि मी आळसाला 'सहजता' असं गोंडस नाव दिलंय. शिवाय वाईजवळच्या मेणवलीच्या, कृष्णेवरच्या घाटाच्या माझ्या चित्रात पायऱ्या नदीत घसरून चालल्यात, आणि एकाही माणसाला हात नाहीत.

ते वाक्य मागे घेतो. लिहिताना ते मला फार आवडलं होतं, तेव्हाच संशय यायला हवा होता. शाळेत मीही एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसलो होतो. सी ग्रेड. स्मरणचित्राला एसटी स्टँडचा विषय घेतला आणि सगळी माणसं पाठमोरी काढली. (हातांचं दुखणं तेव्हापासूनचं.) पुढे वाईच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरकाकांच्या मागे मी सुटीभर डबा धरून उभा असायचो. डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून ते अक्षराची वेलांटी एका दमात ओढायचे. सुताला खडूची पूड लावायची, दोन टोकं ताणून धरायची आणि मधून टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ. याला शाळा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता पायऱ्या. तुमचं बरोबर आहे. ते चित्र काढताना मी मधल्या टप्प्यावर बसलो होतो. काही पायऱ्या माझ्या नजरेच्या वर, काही खाली. वरच्यांच्या कडा लांब जाताना खाली उतरायला हव्यात, खालच्यांच्या वर चढायला हव्यात. मी मात्र घाट नदीकडे उतरतो हे 'माहीत' असल्यामुळे सगळ्याच कडा उतरत्या काढल्या. डोळ्यांपेक्षा माहितीवर जास्त भरवसा ठेवला. नंतर तेच चित्र घरी पुन्हा करायला घेतलं, तेव्हा पेंटरकाकांचं सूत आठवलं. नजरेच्या रेषेवर एक टाचणी, तिला दोरा, आणि प्रत्येक कड दोरा ताणून तपासायची. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या सगळ्या कडा जिथे एकत्र मिळतात तो बिंदू, कागदाच्या बाहेर गेला, म्हणून टाचणी जेवणाच्या टेबलात ठोकली. त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

माझा मतभेद आहे तो क्रमाबद्दल. तुमच्या वर्गात मी हेच पहिल्या वर्षी ठोकळ्यांवर शिकलो असतो, आणि कदाचित विसरलोही असतो. मी ते शिकलो चित्रं काढायला लागल्यावर 11 वर्षांनी, कारण एक घाट हातचा गेला होता. अडलं की शिकायचं, एवढीच माझी पद्धत. तिची किंमतही आहे, 11 वर्षांचे वाकडे घाट माळ्यावर पडलेत. अठराव्या वर्षी कुणी मला विचारलं तर मी त्याला कलाशाळेतच पाठवेन. पण चाळिशीतल्या कारकुनाला, ज्याच्याकडे रविवारची सकाळ तेवढी आहे, त्याला आधी तीन वर्षं ठोकळे काढ म्हटलं तर तो ब्रश ठेवून देईल.

शाळेशिवाय चित्रकार झालेला म्हणून व्हॅन गॉगचं नाव मी घेतलं होतं, त्यावर तुम्ही 'अपवाद' म्हणालात. खरं तर तो तुमचाच साक्षीदार आहे. 1880 मध्ये, 27 व्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं आणि शार्ल बार्गच्या रेखाटनाच्या नमुन्यांवरून नकला करत बसला, पुन्हा पुन्हा. फक्त तो गृहपाठ त्याला कुणी दिला नव्हता. चित्रकार के. एच. आरांचं नाव मात्र मुद्दाम टाळतो. गाड्या धुणारा मुलगा 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये, मुंबईच्या आधुनिक चित्रकारांच्या गटात, पोचला, ही गोष्ट सांगितली की लोक भारावतात आणि आरांची फुलं बघायचीच विसरतात.

एका बाबतीत मात्र मी हटणार नाही. जलरंगात मी आधी पेन्सिल लावत नाही. तुम्ही याला आळस म्हणालात. सकाळी नऊच्या सुमारास मेणवलीच्या देवळाची सावली भिंतीवरून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून पाण्यात उतरते. ती एकच सावली असते. पेन्सिलची चौकट आखलेली असली, की माझा हात प्रत्येक रेघेशी थांबतो आणि सावलीचे तीन तुकडे होतात. रेघ नसली तर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून होणारा तो काळपट राखाडी ओला असतानाच देवळापासून नदीपर्यंत खेचता येतो. वाळल्यावर तो एक पायरी फिका पडणार, हे धरूनच गडद घ्यायचा. कधी फसतो. वरच्या धोम धरणाचं पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात, मग आधीचा रविवार वाया. पण सावली अखंड राहते, आणि मी तिथे जातो तिच्यासाठीच.

राहिले हात. हे आजवर कुणी पकडलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचून जुना गठ्ठा काढला आणि मोजलं. बायकांचे हात पदराखाली, पुरुषांचे पाठीमागे, धुणं धुणाऱ्यांचे पाण्यात, आणि एका गुरवाचे चक्क घंटेच्या आड. इतक्या वर्षांत मी हात लपवण्यात पारंगत झालोय.

गेल्या 6 रात्री जेवण झाल्यावर डावा हात टेबलावर ठेवून उजव्याने काढतोय. हो, पेन्सिलने. 37 झाले. बोटं जरा तरी बोटांसारखी दिसतात, अंगठा मात्र दर वेळी तळव्याला नंतर चिकटवलेल्या केळ्यासारखा येतो. सर, तो नेमका कुठून निघालेला दाखवायचा? मनगटापासून की त्याच्या थोडं वरून? तेवढं जमलं तर लिहा.