व्हरायटी चौकात पुन्हा बंद!

राजेहो, आज परत! व्हरायटी चौकात सिग्नल लागला, गाडी न्यूट्रलला टाकली अन् आरपीएमची (इंजिनच्या फेऱ्यांची) सुई नाचायला लागली. 800 वरून 500, मग एकदम 1100. स्टेअरिंग थरथरतंय, डॅशबोर्डवरचा गणपती डोलतोय, आणि फुस्स. बंद. मागून हॉर्नचा मारा. मे महिन्यातली नागपुरी दुपार अन् आत एसी बंद.

22 वर्षांची गाडी आहे, कुरकुरणारच, मान्य. पण मेकॅनिक लोकं! पहिला म्हणे प्लग. बदलले. दुसरा म्हणे पेट्रोल पंप. बदलला, खिसा हलका झाला. तिसऱ्यानं तर बोनेट उघडायच्या आधीच "सेन्सर गेला भाऊ" म्हणून टाकलं. अरे, आधी पाहून तर घे बाबा!

शेवटी काल रात्री मीच इंजिन चालू ठेवून कान लावला. इनटेककडून, म्हणजे इंजिन हवा ओढतं तिकडून, बारीक सूंऽऽ. व्हॅक्यूमची रबरी नळी उष्णतेनं कडक होऊन चिरलेली! बोटानं चीर दाबली की इंजिन शांत, सोडली की परत गचके. तिथून हिशेबाबाहेरची हवा आत शिरते. रेस दिली की कळतही नाही. आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन हवा घेतंच घोटभर, म्हणून तेवढी गळतीही जड जाते. एवढंसं तपासायला तिघांपैकी एकालाही सुचू नये?

रात्री टेप गुंडाळली, ती आज चौकात सुटली. नळी आणायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "सुटी नाही भेटत भाऊ, पूर्ण सेटच घ्या."