मी रेकॉर्डर घेतला होता, रेडिओ नव्हे

टर्र टिक टिक टिक, टर्र टिक टिक टिक.

आत्याच्या आवाजावर! आणि नेमकं कुठे, तर ती तिच्या लहानपणीच गेलेल्या धाकट्या भावाबद्दल बोलायला लागली तिथे. या विषयावर ती आयुष्यभर गप्प राहिली. काल बोलली, सावकाश, थांबत थांबत. आज हेडफोन लावून ऐकते तर तिच्या प्रत्येक थांबण्यात ही टरटर भरलेली. वाक्यांचे शेवट गेले, नावं गेली. ती हे पुन्हा सांगणार नाही, आणि मी तिला पुन्हा सांगायला लावणारही नाही.

ही टरटर मोबाइलची. फोन बंद ठेवायचा होता, असं कुणी मला म्हणू नका. बंदच होता. सायलेंट नव्हे, बंद. आत्याचाही बंद. चुलतभाऊ मधेच आला, आवाज न करता शेजारी बसला आणि त्यानं आपला फोन टेबलावर उपडा ठेवला. त्याला ना कॉल आला, ना मेसेज. फोन आपला टॉवरला हजेरी देत होता. त्या खोलीत रेंज नावालाच, म्हणजे फोन टू-जी या जुन्या नेटवर्कवर घसरला आणि टॉवरपर्यंत पोचायला त्यानं होती नव्हती ती ताकद लावली. यात त्या पोराचं काय चुकलं? वायरलेस नसलेल्या, कुठल्याही लहरी पकडणं ज्याचं कामच नाही अशा यंत्राजवळ त्यानं फोन ठेवला, एवढंच.

"फिल्टर लाव, निघून जाईल." हे सांगणाऱ्यांनी एकदा तरी स्वतः काढून बघावं. टू-जीचा फोन सलग बोलत नाही. वेळेच्या एका तुकड्याचे, म्हणजे फ्रेमचे, आठ भाग, त्यातला एक भाग आपला, आणि फ्रेम 4.615 मिलिसेकंदांची. म्हणजे सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद, चालू-बंद. हे 217 हर्ट्झ बसतात माणसाच्या आवाजाच्या ऐन मध्यात, आणि त्यांच्या पटीतले 434, 651 आणि पुढचे सगळे त्यांच्या मागोमाग. ते कापले की आत्याही कापली जाते. मी कापून बघितलं. जी उरते ती आत्या नाही.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. आधी "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" आणि ते भिकार संगीत. मग एक अतिशय गोड आवाज: "मॅडम, रेकॉर्डर रीसेट करून पाहिलात का?" रीसेट केल्यावर कालची आत्या परत येणार आहे का? मग दुसरा गोड आवाज: "मॅडम, मोबाइल थोडा लांब ठेवत जा." थोडा म्हणजे किती? "थोडा, मॅडम." खोक्यावर स्टुडिओ दर्जा, सुस्पष्ट आवाज, नॉइज रिडक्शन हे सगळं ठळक अक्षरात. मोबाइलची गोष्ट माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीलाही वाचता येणार नाही अशा टायपात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फोन नियमानं वागतोय. 900 मेगाहर्ट्झवर टू-जी फोनला जास्तीत जास्त 2 वॅट चालतात, आणि तो त्यातच असतो. बेशिस्त आहे तो हा रेकॉर्डर. माइकपासून आतल्या सर्किटपर्यंतची ती वीतभरही नसलेली वायर अँटेना होते, कारण 900 मेगाहर्ट्झला आठ सेंटीमीटर म्हणजे पाव तरंगलांबी, अगदी मापात. पुढे पहिल्याच ट्रान्झिस्टरमध्ये ती लहर एकदिश होते आणि तिचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर होतं. स्फटिकाचा जुना रेडिओ असाच चालायचा. उपायही जुनाच आहे: माइकच्या तोंडाशी काही पिकोफॅरडचा कपॅसिटर, एक फेराइटचा मणी, नीट केलेलं ग्राउंड, म्हणजे लहर आत शिरण्याआधीच अडते. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू आहेत या. त्या वाचवल्या, आणि माझी आत्या घालवली.

"पण यंत्र मानकांत पास आहे." असेल. घरगुती उपकरणांना रेडिओ लहरी सोसायची चाचणी साधारण 3 व्होल्ट प्रति मीटरला होते. आता हिशेब करा: 2 वॅटचा फोन एक मीटरवर सात व्होल्ट प्रति मीटरच्या वर क्षेत्र तयार करतो, अर्ध्या मीटरवर पंधराच्या वर. आणि माणसं टेबलावर फोन कुठे ठेवतात? रेकॉर्डरला खेटून! कोणत्या जगासाठी ही चाचणी आहे? रेडिओ व्यत्ययावर विचार करणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती 1934 पासून आहे. हा प्रश्न काल सकाळी उगवलेला नाही.

आणि हे एकट्या रेकॉर्डरचं नाही. यूएसबी थ्रीची डिस्क लावली की माझा वायरलेस माउस अडखळतो. त्या जोडणीचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे माउसच्याच लहरींवर पसरतो, हे इंटेलनंच 2012 मध्ये लिहून ठेवलंय, तरी डिस्कचा आणि माउसच्या रिसीव्हरचा पोर्ट शेजारी-शेजारीच. मायक्रोवेव्ह 2450 मेगाहर्ट्झवर, ब्लूटूथ हेडफोनही तिथेच, म्हणून दूध गरम होईपर्यंत बातम्या तुकड्या-तुकड्यांत ऐका. बाबांचा मीडियम वेव्ह रेडिओ तर एलईडी बल्बांनी मारलाच. दिवा लावला की रेडिओत घरघर, रेडिओ ऐकायचा तर अंधारात बसा. बल्ब स्वस्त करायला फिल्टर काढला, आणि बाबांना सगळे सांगतात, "आता रेडिओ कोण ऐकतं?" बाबा ऐकतात!

यात सर्वात चीड आणणारा प्रकार म्हणजे हॅम रेडिओवाल्यांवर, म्हणजे हौसेनं रेडिओवरून बोलणाऱ्यांवर, बोट दाखवणं. कुणाचा टच लॅम्प, म्हणजे बोट लावल्यावर पेटणारा दिवा, आपोआप पेटला, स्पीकरमधून कुणी बोलल्यासारखं वाटलं, की गच्चीवरच्या अँटेनाकडे बघायचं. तो माणूस परीक्षा देऊन, परवाना घेऊन, ठरलेल्या बँडवर बोलतोय. लहर पकडतोय तुमचा दिवा, ज्याला ती पकडायचा काही अधिकार नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी. कारण अँटेना दिसते, न बसवलेला कपॅसिटर दिसत नाही.

गिऱ्हाइकानं कारण शोधायचं तरी कसं? वेल्समधल्या अबरहोसन गावात रोज सकाळी सातला ब्रॉडबँड कोसळायचं. दीड वर्ष! केबल बदलून झाल्या. अखेर 2020 मध्ये इंजिनिअर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे हवेतल्या लहरी दाखवणारं यंत्र, घेऊन गावभर फिरले तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला, रोज सातला लागणारा आणि व्यत्यय फेकणारा. माझ्याकडे कुठला अ‍ॅनालायझर? माझ्याकडे "थोडा लांब, मॅडम".

अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामकाच्या नियमांतलं एक वाक्य कित्येक उपकरणांच्या पाठीवर छापलेलं असतं: हे यंत्र येईल तो व्यत्यय सोसेल, मग त्यामुळे भलतंच काही घडलं तरीही. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. सोसतं यंत्र नाही, माणूस सोसतो.

त्यामुळे कंपन्यांनो, खोक्यावर आकडा छापा. किती व्होल्ट प्रति मीटरला तुमचं यंत्र गप्प राहतं, आणि मोबाइल किती सेंटीमीटरवर आला की बोंबलतं, दोन्ही ठळक, स्टुडिओ दर्जाच्या शेजारी. आणि यंत्रांचे रिव्ह्यू करणाऱ्यांनो, रंग, वजन, खोकं उघडण्याचा सोहळा यांवर वीस मिनिटं बोलता, तर एक जुना टू-जी फोन माइकला टेकवून कॉल लावा आणि जे ऐकू येईल ते जसंच्या तसं ऐकवा. अर्धं मिनिट लागतं.