येऊरच्या कुंभ्याची साल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

"कोयत्याने सोललेली साल सांबराच्या नावावर खपवून तुम्ही पाड्यांवरच्या लोकांना पाठीशी घालताय," असं तुम्ही ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या कुंभ्याच्या झाडाची साल सांबराने सोलली, या माझ्या लेखाखाली लिहिलंत. आरोप नुसता माझ्यावर असता तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तो पाड्यांवरच्या माणसांवर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कोयता चालला असेल तर झाडावर ते दिसतं. औषधासाठी साल काढणारा वर एक, खाली एक घाव घालतो आणि मधला तुकडा उचकटतो. कडा सरळ राहतात, घावाची रेघ लाकडात उतरते. फोटोतल्या कुंभ्यावर यातलं काहीच नाही. तिथली जखम खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, आणि टोकाशी सालीचे धागे लोंबतायत. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे टणक हिरडी असते. सांबर खालचे दात सालीत रुतवतं आणि मान वर करून ओढतं. म्हणून दातांच्या खोबणी खालच्या कडेला, फाटलेली पट्टी वर. त्यात कुंभ्याची साल धागेदार, लांबच लांब सुटते.

मग गुरं कशावरून नाहीत? त्यांनाही वरचे पुढचे दात नसतातच. नुसत्या जखमेवरून मी सांबर म्हटलंही नसतं. खाली लेंड्या होत्या, शेळीच्या लेंडीहून बऱ्याच मोठ्या. ओल्या मातीत खूर होते, गुरांच्या खुरांपेक्षा निमुळते. शेजारच्या रोपट्याची साल पिंजून निघाली होती, आतलं लाकूड गुळगुळीत, दाताची एकही खूण नाही. ते शिंगं घासल्याचं, म्हणजे नर. (बिबट्याचं नाव काढणाऱ्या वाचकांसाठी: तो साल सोलत नाही, त्याच्या नखांच्या उभ्या, समांतर रेघा उमटतात.)

दुसऱ्या फोटोबाबत मात्र तुमचं बरोबर आहे. बुंध्याशी कुरतडलेलं पाहून मी साळिंदर लिहून मोकळी झाले. त्याला वर-खाली दोन्हीकडे पटाशीसारखे दात असतात, जोडीजोडीने आडव्यातिडव्या खुणा दिसायला हव्यात. माझ्या लांबून काढलेल्या फोटोत त्या दिसत नाहीत. ओळ काढून टाकली आहे.

आणि "झाड मेलंच समजा" म्हणालात, तर साल गोल फिरून पूर्ण निघाली असती तर पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचलं नसतं आणि झाड वाळलं असतं. ही जखम एकाच बाजूला आहे. परवा पुन्हा जाऊन पाहिलं, दोन्ही कडांनी नवी साल आत वळायला लागली आहे.