ग्रीन टीने कॅन्सर थांबतो? त्या मेसेजचा एकेक मुद्दा बघू

आमच्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, की ग्रीन टी कॅन्सरच्या पेशी मारते हे सिद्ध झालंय, रोज पाच-सहा कप प्या, कॅप्सूल घेतली तर अजून जोरात काम करते आणि केमो चालू असेल तर असर दुप्पट. शेजारच्या काकूंना मायलोमा, म्हणजे रक्तपेशींचा एक कॅन्सर आहे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी कॅप्सूलची डबी मागवली, म्हणून लिहायला बसले.

"सिद्ध झालंय" म्हणजे काय ते आधी बघा. ग्रीन टीमधे कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात, त्यातलं ईजीसीजी लॅबमधे काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर टाकलं की त्यांची वाढ मंदावते, हे खूप ठिकाणी दिसलंय, ते मी नाकारत नाहीये. पण तिथे जेवढं टाकतात तेवढं चहा पिऊन रक्तात पोचतच नाही, बरंचसं आतड्यातून आत जात नाही आणि जे जातं ते शरीर भराभर बदलून बाहेर काढतं, त्यामुळे लॅबमधलं प्रमाण बऱ्याचदा रक्तातल्यापेक्षा दसपट, कधी शंभरपट निघतं.

माणसांवर? २००६ मधे इटलीत प्रोस्टेटमधे कॅन्सरच्या आधीचे बदल दिसलेले ६० पुरुष घेतले, वर्षभर कॅटेचिन घेतलेल्या ३० जणांत एकाला कॅन्सर निघाला आणि बाकीच्या ३० जणांत ९ जणांना. आशा वाटावी असाच आकडा आहे हो, पण नंतर अमेरिकेत ९७ जणांवर करून बघितलं, २०१५ मधे निकाल आला, तेव्हा कॅन्सर होण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. २०२० मधे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने १४२ अभ्यास, ११ लाखांवर माणसं एकत्र तपासली तरी चित्र उलटसुलटच.

कॅप्सूल जास्त चांगली, हे तर उलटंच आहे. कपभर चहाने सहसा कोणाला काही होत नाही, पण अर्काच्या गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी पोटात गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढलेले दिसतात, म्हणजे लिव्हरला त्रास होत असल्याची खूण, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मधेच सांगितलंय.

आणि आपल्या बडोद्यात अजून एक घोळ, भाजीवाल्याकडे फुदिन्यासोबत जी लीली (गुजरातीत हिरवी) चाय मिळते तिला पण लोक ग्रीन टी समजतायत, तो आपला गवती चहा, वेगळंच झाड, त्यात ईजीसीजी नाहीच. चवीला हवा तेवढा घाला.

आता केमोचा मुद्दा, ज्याने मला खरंच भीती वाटली. मायलोमावर बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन देतात, काकूंना तेच चालू आहे. त्या औषधाच्या रेणूत बोरॉनचा जो भाग पेशीत जाऊन काम करतो, त्यालाच ईजीसीजी चिकटून बसतं आणि औषध कामाचं राहत नाही. २००९ मधे अमेरिकेत पेशींवर आणि उंदरांवर हे दिसलं, करायला गेले होते औषधाला मदत होते का ते बघायला. माणसांत किती फरक पडेल हा प्रश्न वेगळा, पण दुप्पट असर सोडा, इथे असलेलं औषधच वाया जायची शक्यता आहे आणि ती रिस्क काकूंनी का घ्यायची?

मी डबी घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बंद करायला सांगितलं. ज्यांनी मेसेज पाठवला त्यांच्या मनात काकूंबद्दल प्रेमच होतं हे मला माहितेय, म्हणून एवढीच विनंती, तुम्ही तो अजून कोणत्या पेशंटला पाठवला असेल तर आजच फोन करून सांगा, की कॅप्सूल घेत असाल तर पुढच्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना दाखवा.