लष्कर चालवतं? अर्धंच खरं!

'कुवेतमधला कॅम्प बुअरिंग म्हणजे इराकला निघालेल्या अमेरिकन सैनिकांचा थांबा, आणि तिथला सगळा कारभार लष्करच पाहतं' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. थांबा होता हे खरंच. पण मेस, लॉन्ड्री, साफसफाई ही कामं कंत्राटी कंपन्यांकडे असायची आणि राबणारी माणसं भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्सची. मी स्वतः त्या भागातल्या एका कॅम्पच्या लॉन्ड्रीत होतो, आमच्या रत्नागिरीकडचे आणखीही होते. जाळीच्या पिशवीत कपडे यायचे, पिशवीला नंबराची चिठ्ठी. धुळीचं वादळ आलं की धुतलेल्या गणवेशावरही पिठासारखा थर! कधीकधी पिशवी न्यायला कोणी यायचंच नाही, तुकडी रातोरात उत्तरेला गेलेली असायची. कंत्राटदाराने आमचे पासपोर्ट मात्र स्वतःकडे ठेवले होते, तक्रार करणार कुणाकडे?

डिसेंबर २००४ मध्ये याच बुअरिंगमध्ये एका सैनिकाने अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं होतं, गाड्यांना चिलखत म्हणून आम्ही भंगारातला पत्रा का शोधत फिरायचं? जगभर बातमी झाली. आमच्यातल्या कुणाला माईक मिळाला नाही, मिळाला असता तरी बोलायची छाती नव्हती म्हणा. त्याच वायव्य कुवेतात, मित्रीबाह या ठिकाणी २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. लेखात सैनिकांच्या एसी तंबूंवर अख्खा परिच्छेद आहे, मग उन्हात काम करणाऱ्यांवर दोन ओळी लिहायला काय हरकत होती?