काळ्या दगडाला रंगीत झोत नको

सणावाराला आपल्या जुन्या वास्तूंवर जांभळे, हिरवे, निळे झोत सोडले जातात. माझा याला ठाम विरोध आहे. पडणाऱ्या उजेडात जो रंग असेल तोच दगड परत देऊ शकतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीत (बांधकाम पूर्ण १८८८) मालाडचा पिवळसर दगड भरपूर आहे. त्यावर निळा झोत पडला की तो राखेसारखा दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) उबदार पांढरा दिवा आणि ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा), एवढ्यावर हाच दगड खुलतो.

काळ्या बेसॉल्टची अडचण वेगळी. तो बहुतेक उजेड गिळतो. मग 'दिसत नाही' म्हणून वॅट वाढवले जातात, दगड काळाच राहतो आणि बघणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. इथे ताकदीपेक्षा कोन महत्त्वाचा. घडीव, टाकीचे घाव असलेल्या भिंतीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर अरुंद झोताचा दिवा ठेवा. भिंतीला घासून जाणारा उजेड प्रत्येक घाव, प्रत्येक दरज दाखवतो. गिलाव्याच्या भिंतीवर हे चुकूनही करू नका, डागडुजीचे सगळे फुगवटे वर येतात. तिथे दिवा दीड-दोन मीटर मागे घ्या.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या. तटाला खाली दगड, वर वीट, दरवाजावर लाकडी नगारखाना. तिघांना एकच झोत मारला तर वीट भडक आणि दगड मेलेला. विटेवर उजेड कमी, दगडावर तिरपा, नगारखान्यात आतून अगदी मंद. दारावरचे अणकुचीदार खिळे समोरच्या झोतात नुसते ठिपके वाटतात. बाजूने उजेड आला की त्यांच्या सावल्या लांबतात आणि हे दार हत्तीला अडवायला होतं हे न सांगता कळतं.

आता नासधूस कुठे होते ते. दगडात ड्रिल करून लोखंडी खुंटी ठोकतात. लोखंड गंजून फुगतं आणि चिरा फुटतो. पट्टा किंवा क्लॅम्प वापरा. भोक अटळच असेल तर परवानगी घेऊन चुन्याच्या दरजेत, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलने. सिमेंट तर नकोच.

जमिनीत गाडलेले दिवे पहिल्याच पावसात का जातात? संध्याकाळी तापलेल्या दिव्यावर सर आली की आतली हवा आकसते आणि केबलच्या तारांमधून ओल आत ओढली जाते. दिव्यावर आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलेलं असून उपयोग नसतो, कारण दोष केबलच्या सांध्यात असतो. जेल भरलेला जोड, दिव्याखाली ३० सेंटिमीटर खडी आणि पाण्याला वाट, हे तीनही हवं. गडावर विजा पडतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारं उपकरण) न लावता दिव्याचा ड्रायव्हर (त्याला योग्य वीज पुरवणारा भाग) बसवणं म्हणजे पैसे दरीत टाकणं.

लेण्यांत आणखी जपावं लागतं. ओलसर दगडावर सतत उजेड राहिला की शेवाळ धरतं. चित्रांवर पडणाऱ्या उजेडाला ५० लक्सची (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) मर्यादा पाळा, माणूस नसताना दिवा बंद. वटवाघळं राहतात त्या कोपऱ्यात दिवाच नको.

आणि निविदेत वॅटचे आकडे लिहिण्याआधी दोन रात्री उसने दिवे लावून जागेवर चाचणी घ्या. एक रात्र कोरडी, एक पावसाची, कारण भिजलेला बेसॉल्ट आणखी काळा होतो. दहा टक्के जादा दिवे त्याच बॅचमधले घेऊन ठेवा. तीन वर्षांनी आणलेला '३००० केल्विन' शेजारच्या दिव्याशी जुळेलच असं नाही.