‘प्रेशर वाढवा, फुफ्फुस उघडेल’ : त्या फॉरवर्डला उत्तर

कोविडच्या काळात सुरू झालेला एक मेसेज अजून फिरतोय. आयसीयूच्या दाराशी नातेवाईक मोबाइल पुढे करतात, त्यात लिहिलेलं असतं: ऑक्सिजन ९० वर अडकलाय म्हणजे डॉक्टर व्हेंटिलेटर नीट लावत नाहीत, प्रेशर वाढवलं की मिटलेलं फुफ्फुस फुग्यासारखं उघडतं, आणि ९० किलोच्या माणसाला चारशे मिलीही हवा का देत नाहीत, ते विचारा. जरूर विचारा. पण उत्तरही ऐकून घ्या.

आधी तो ९० चा आकडा. न्यूमोनिया, सेप्सिस किंवा मोठ्या अपघातानंतर फुफ्फुसांत पाणी झिरपतं आणि ती ताठर होतात, त्याला एआरडीएस म्हणतात. या रुग्णांत आम्ही ८८ ते ९५ टक्के सॅच्युरेशनवर थांबतो, तेही ठरवून. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने ८६१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला दर श्वासाला किलोमागे १२ मिली हवा, दुसऱ्याला ६. सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजन कुणाचा चांगला होता? १२ मिलीवाल्यांचा. आणि दगावले कोण जास्त? तेच. ३९.८ टक्के, तर ६ मिलीच्या गटात ३१. मॉनिटरवरचा आकडा सुधारत होता आणि त्याच वेळी फुफ्फुस फाटत होतं. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला होता, त्यामुळे नातेवाइकांवर मी चिडत नाही.

चारशे मिलीचं कोडं त्याच अभ्यासात सुटतं. तिथला ‘किलो’ वजनकाट्यावरचा नाही, उंचीवरून काढलेला आहे. १६५ सेंमी उंचीच्या पुरुषासाठी तो साधारण ६१.५ येतो, म्हणजे एका श्वासाला ३७० मिली. माणूस ६० किलोचा असो की ९० चा. खाण्यापिण्याने पोट सुटतं, फुफ्फुस वाढत नाही.

आता फुग्याची गोष्ट. ती निव्वळ थाप नाही, म्हणूनच पटते. श्वास सोडल्यावरही फुफ्फुस मिटू नये म्हणून आत थोडा दाब राखतात, त्याला पीप म्हणतात. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी या संशोधकांनी उंदरांना ४५ सेंमी पाण्याइतक्या दाबाने श्वास दिला, तेव्हा फुफ्फुसं तासाभराच्या आत पाण्याने भरली. वरचा दाब तोच ठेवून श्वास सोडताना १० सेंमी पीप दिल्यावर इजा कितीतरी कमी झाली. मग पीप हवं तेवढं चढवावं? ब्राझीलच्या पुढाकाराने झालेल्या ‘आर्ट’ अभ्यासात नेमकं तेच करून पाहिलं: जोरकस दाबाने फुफ्फुस उघडायचं आणि मग चढं पीप ठेवायचं. १०१० रुग्ण, निकाल २०१७ चा. २८ दिवसांत मृत्यू ५५.३ टक्के, कमी पीपच्या गटात ४९.३.

कारण फुगा सगळीकडे सारखा असतो, जखमी फुफ्फुस तसं नसतं. पाठीकडचा भाग मिटलेला, छातीकडचा थोडासाच उघडा. गॅटिनोनी या इटालियन डॉक्टरांनी या उघड्या भागाला ‘बेबी लंग’ म्हटलं: मोठ्या माणसाच्या छातीत बाळाएवढं फुफ्फुस. मिटलेला भाग उघडला नाही, तर वाढवलेला सगळा ताण त्या बाळावर पडतो. शिवाय छातीतला दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो आणि बीपी कोसळतं. काहींना जास्त पीप मानवतं, हे खरं. म्हणून ते रुग्णागणिक बघून ठरवतात, मेसेज बघून नाही. पाठीकडचा भाग उघडायला रुग्णाला पालथं घालणं जास्त उपयोगी पडतं. २०१३ च्या ‘प्रोसेव्हा’ अभ्यासात, ४६६ गंभीर रुग्णांत, २८ दिवसांतले मृत्यू त्यामुळे ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले.

याच मेसेजला हल्ली उलटं शेपूटही लागलंय: स्क्रीनवर प्रेशर ३८ दिसतंय, ३० च्या वर फुफ्फुस फुटतं! ३० ची मर्यादा आहे ती प्लॅटो प्रेशरची. हवा आत गेल्यावर क्षणभर रोखून धरली की तो दाब कळतो. स्क्रीनवर सतत दिसतो तो पीक, म्हणजे हवा आत जातानाचा सर्वांत जास्त दाब; त्यात नळीतला अडथळाही मोजला जातो. प्लॅटो २५ आणि पीक ३८ असेल तर बऱ्याचदा नळीत कफ अडकलेला असतो. तेव्हा सेटिंगला हात लावण्याआधी सिस्टर सक्शन करतात, म्हणजे कफ खेचून काढतात.